हॉलबाहेरची माणसं

बुद्धिबळात आमचं वय विषम आकड्यांनी मोजतात. सात वर्षांखालचे, मग नऊ, अकरा, तेरा, पंधरा, सतरा आणि शेवटी एकोणीस. गट ठरतो तो त्या वर्षीच्या १ जानेवारीला तुमचं वय काय होतं यावरून. त्यामुळे मी केवढी झाले हे मला वाढदिवसाच्या शिऱ्यापेक्षा स्पर्धेच्या अर्जांनी जास्त नेमकं सांगितलं आहे. येत्या ऑगस्टमध्ये मला अठरा पूर्ण होतील. एकोणीसचा गट संपला की पुढे वयोगटच नाही, सगळ्यांबरोबर खुल्यात बसायचं. बारावीची परीक्षा झाली आहे आणि जूनमध्ये संख्याशास्त्र शिकायला पुण्याला जायचं ठरलं आहे.

जाण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते. ‘हा एकट्यानं खेळायचा खेळ’ असं लोक म्हणतात. पटासमोर मी एकटी बसते हे खरं. आत मोबाईल नाही, बोलायचं नाही, पालकांना दारापाशीसुद्धा उभं राहू देत नाहीत. पण माझं सगळं लहानपण त्या दाराच्या बाहेर कुणी ना कुणी बसून होतं. मला त्यांच्याबद्दल सांगायचंय.

मी सांगलीची, गावभागातली. आमच्या जुन्या घरापासून कृष्णा चालत पाच मिनिटांवर. गावाला नाट्यपंढरी म्हणतात, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथेच उभं केलं. पण आमच्या घरात सांगलीचा अभिमान वेगळ्या कारणानं होता. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं या गावाला पट लावायची सवय लावली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. आजोबा एसटीत वाहक होते. ड्यूटी संपली की घरी यायच्या आधी कुठल्या तरी कट्ट्यावर एक डाव, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. आजी सांगते, जेवण वाढलं की ती आधी आईच्या हाती निरोप धाडायची, मग पाणी ठेवायची.

त्यांनी मला दोन प्रकारचे नियम शिकवले, घरचे आणि स्पर्धेचे. घरच्या नियमांत प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची, तीही पहिला शह बसायच्या आत. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की उगाच वजीर होत नसे, ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच व्हायचं. आणि प्याद्यानं मात केली तर ती सगळ्यांत मोठी. हे जुने देशी नियम त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आले होते. स्पर्धेचे नियम त्यांनी स्वतः मोठेपणी शिकले, आणि मला दोन्ही एकत्रच दिले. जेवणाआधी घरचा डाव, जेवणानंतर स्पर्धेचा.

सुलतान खानची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. पंजाबातल्या खेड्यातला, देशी नियमांवर वाढलेला माणूस. इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षं ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. २०२४ मध्ये जागतिक संघटनेनं त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला, तो जाऊन जवळजवळ साठ वर्षं झाल्यावर. मी ती बातमी आजोबांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पट मांड.”

मी लहानपणी चाली फार घाईनं करायची. आजोबा माझा हात वरच्यावर धरायचे. “घाई का करालीस? प्यादं माघारी येत नसतंय.” बाकीची सगळी मोहरी मागे येतात, प्यादं येत नाही, हे मला त्या वाक्यामुळे समजलं. पुस्तकात वाचलं असतं तर नियम म्हणून पाठ झालं असतं, एवढंच.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सौद्यांचा हंगाम. नेमक्या त्याच महिन्यांत परीक्षा संपतात, सुट्ट्या लागतात आणि स्पर्धा सुरू होतात. म्हणजे माझी प्रत्येक उन्हाळी स्पर्धा बाबांसाठी खाडा असायची. पहाटेची एसटी धरून आम्ही कोल्हापूर, सातारा, पुणे करायचो. त्यांच्या नखांतला पिवळेपणा हंगामात कितीही घासलं तरी जात नाही. तशाच हातांनी ते माझा अर्ज भरायचे. कागदाच्या कोपऱ्याला हळदीचा अंगठा उमटायचा.

मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद मिळतात. एक डाव चार तास सहज चालतो. दिवसाला दोन डाव असले की सकाळी आत गेलेली मुलं दिवेलागणीला मोकळी होतात. तेवढा वेळ पालक बाहेर. कधी शाळेचा व्हरांडा, कधी मंगल कार्यालयाचं जोतं. सतरंज्या, डबे, कुणाच्या मांडीवर झोपलेलं धाकटं भावंड. तिथे जे चालतं ते कुणी लिहीत नाही. कोचिंगच्या फीची चर्चा होते, कुठल्या लॉजला ढेकूण आहेत ते कळतं, एखादी आई स्वेटर विणत असते. मुलगा हरून आला तर सगळा व्हरांडा एकदम दुसरीकडे बघायला लागतो, त्याला आईपर्यंत पोचेस्तोवर मोकळी वाट मिळावी म्हणून. हे मी अनेकदा बघितलं आहे. माझ्यासाठीही माणसांनी अशी मान वळवली आहे.

बाबांना घोड्याची चाल आजही नीट सांगता येत नाही. पण दारावर चिकटवलेले जोड्यांचे तक्ते त्यांनी वाचून वाचून आत्मसात केले. स्विस लीगमध्ये कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडत जाते, आणि शेवटी गुण सारखे झाले तर बुकोल्झ बघतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी एकूण किती गुण मिळवले. सौद्यात आकडे ऐकून तयार झालेलं त्यांचं डोकं. नव्या पालकांना ते हे सगळं जमिनीवर खडूनं लिहून समजावून द्यायचे. बुकोल्झमुळे त्यांना एक सवय लागली. मी जिला हरवलं असेल तिच्या पुढच्या डावांकडे ते डोळे लावून बसायचे. तिनं जिंकावं असं त्यांना मनापासून वाटायचं. सुरुवातीला गुणांसाठी वाटत असेल, पण पुढे ते त्यांच्या स्वभावातच गेलं. एकदा मी बाहेर आले तर बाबा माझ्याकडून हरलेल्या मुलीला कागदाच्या पुड्यातलं भडंग देत होते आणि म्हणत होते, “अजून चार डाव आहेत बाळ, तू वर येशील बघ.” मला तेव्हा थोडा राग आला होता. आज मला माझ्या बाबांचा सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर त्या पुड्याचा.

आई मात्र क्वचितच हॉलबाहेर आली. ती घरी शिवणकाम करते. धाकटा भाऊ लहान, आजीचे गुडघे, शिवाय बाबांचे खाडे भरून काढायला कुणी तरी मशीनवर बसायला हवंच होतं. तिचा वाटा मला दिसला तो पुरात.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती फूट’ विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर आजोबांनी तेलाच्या रंगानं काढून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा आम्ही सगळं त्या खुणेच्या वर चढवलं. गावभागात बहुतेकांनी तेच केलं. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, आणि ती खूण बघता बघता बुडाली. मी सहावीत होते. आम्हाला बोटीनं काढलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. शिबिरात ती बातमी आल्यावर आईनं आम्हा दोघा भावंडांना जवळ ओढून धरलं आणि सकाळपर्यंत सोडलं नाही.

पाणी उतरल्यावर घरात घोट्याच्या वर गाळ होता. आजोबांचा शिसवी पट फुगून मधोमध तडकला. माझ्या चालींच्या वह्या फळीवर होत्या, त्या भिजून जड झाल्या होत्या. स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते, आणि ते कागद मी पहिल्या दिवसापासून वह्यांत चिकटवले होते. ओल्या गाद्या, धान्य, मशीनची मोटर, सगळं रस्त्यावर टाकायची वेळ आली होती. वह्या कुणी फेकल्या असत्या तर मी तोंडातून शब्द काढला नसता. पण आईनं त्या बाजूला काढल्या. मावशीच्या घरी विश्रामबागला आम्ही राहत होतो, तिथे रात्री सगळे झोपले की ती एकेक पान सुटं करायची, वर जुनं धोतर पसरायची आणि मंद इस्त्री फिरवायची. जेल पेननं लिहिलेल्या चाली पसरून निळ्या झाल्या होत्या. बॉलपेनच्या राहिल्या. तिला त्या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ कळत नव्हता, तरी कुठली बाजू वर हे तिनं बरोबर ओळखलं, पानांचे क्रमही चुकवले नाहीत. मी अंधारात जागी राहून इस्त्रीचा आवाज ऐकायचे. आपल्या आईला आपण फार कमी ओळखतो असं मला त्या वयात पहिल्यांदा वाटलं.

पुढे आम्ही विश्रामबागला भाड्यानं राहायला आलो, ते तिथेच राहिलो. आजी-आजोबा मात्र गावभागात परत गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ते वेळेवर निघाले. आजोबांनी या वेळी पट स्वतःच्या काखेत धरून आणला, तडकलेला तोच पट, मधून पितळेची पट्टी मारलेला.

टाळेबंदीबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांची ती वर्षं सारखीच गेली. शाळा आईच्या मोबाईलवर, बुद्धिबळही त्याच मोबाईलवर, आणि दोन्हींच्या मध्ये आईच्या गिऱ्हाइकांचे फोन.

माझी मैत्रीण मला तेरा वर्षांखालच्या गटात भेटली. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. ती मिरजेची, सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या घराण्यातली. पहिल्याच डावात आमची बरोबरी झाली, आणि त्यानंतर सांगली-मिरज वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप, आम्ही दोघींनी मिळून झिजवलं. तिच्या घरात शिरलं की छताला भोपळे टांगलेले दिसायचे. ते पंढरपूरकडून येतात, वाळवून, पोखरून ठेवतात. लाकूड, लाख, भुसा यांचा एक गोडसर वास त्या गल्लीला आहे. तिचे आजोबा तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत बसायचे. चार घासा मारायच्या, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. त्याला जवारी काढणं म्हणतात. एका तंबोऱ्याची जवारी मनासारखी यायला कधी कधी अख्खा दिवस जायचा आणि आम्ही दोघी त्यांच्या समोर फरशीवर पट मांडून बसायचो. त्या कारखान्यातल्यासारखं एकाग्र मला कुठल्याही हॉलमध्ये होता आलेलं नाही.

दहावीनंतर तिनं स्पर्धा सोडल्या. पैशांचा प्रश्न नव्हता, घरच्यांचा दबावही नव्हता. ती म्हणाली, “मला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते.” ती आजोबांकडे जवारी शिकायला बसली. या कामात मुली फारशा दिसत नाहीत. घरात थोडी कुरबूर झाली, पण आजोबांनी कानस तिच्या हातात दिली आणि विषय मिटला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले आणि पहिला पेढा घेऊन ती आमच्याकडे आली. खेळणं सोडलं तरी माझ्या स्पर्धांना ती येत राहिली. फरक इतकाच की आता ती बाबांशेजारी सतरंजीवर बसायची.

तिच्यामुळे एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला. एका खुल्या स्पर्धेत मी माझ्याहून वरच्या रेटिंगच्या, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा जास्त असलेल्या, मुलाला हरवलं. तो बाहेर गेला आणि त्याचे वडील सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “पोरीकडून हरलास?” तो अकरा-बारा वर्षांचा असेल. मी दारात थिजले. मैत्रीण उठली, सरळ त्या मुलाकडे गेली आणि म्हणाली, “तुझा घोडा वजिराच्या बाजूला आला होता ना, तिथपर्यंत तूच वर होतास. मला दाखव.” आणि खरोखर त्याला पटावर बसवून घेतलं. वडिलांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी रोहिणी खाडिलकरांची आठवण काढली. खाडिलकर मूळचे सांगलीचेच. १९७६ साली रोहिणी तेरा वर्षांच्या होत्या, महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी जिंकलं, आणि त्याच वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या. त्यावर आक्षेप घेतले गेले, प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं आणि अध्यक्ष माक्स ऑयवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना खुल्या स्पर्धेतून वगळता येणार नाही. मी ज्या खुर्चीवर बसून जिंकले ती खुर्ची तेरा वर्षांच्या एका मुलीनं पन्नास वर्षांपूर्वी ओढून घेतली होती. असं असताना ‘उत्कृष्ट महिला खेळाडू’चं बक्षीस अजूनही बऱ्याच स्पर्धांत खुल्या गटातल्या खालच्या बक्षिसांपेक्षा कमी असतं, याचं मला वाईट वाटतं.

२०२४ ची १ मार्च आमच्या घरात लक्षात राहील. त्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता, मराठीचा. आणि त्याच दिवशी जागतिक संघटनेची नवी रेटिंग यादी लागू झाली. दोन हजारांखालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वाढवलं जाणार होतं, दोन हजारांपासून जितकं अंतर असेल त्याच्या चाळीस टक्क्यांनी. माझं होतं ११८७. बाबांनी केंद्राबाहेर उभ्या उभ्या माझ्या पॅडच्या मागे गणित केलं, ८१३ चे चाळीस टक्के ३२५, म्हणजे १५१२. पेपरला आत जाताना त्यांनी ‘नीट लिही’ म्हटलं नाही, “दीड हजाराच्या वर गेलीस” म्हणाले. संध्याकाळी आजोबांना सांगितलं तर ते अस्वस्थ झाले. “न खेळता वाढलं?” मी कारण समजावलं, की नव्या मुलांची रेटिंगं फार खाली साचली होती म्हणून हा उपाय. त्यांना पटलं नाही. “मग आता त्या दीड हजाराला शोभेल असं खेळून दाखव.” मी त्या वाक्यावर पुढचं पूर्ण वर्ष काढलं.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला सिंगापूरला गुकेश डिंग लिरेनला चौदाव्या डावात हरवून अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. तो डाव सगळ्यांनी पाहिला असेल. मी त्यानंतरचा एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, ज्यात त्याचे वडील हॉलबाहेर येरझाऱ्या घालतायत. ते कान-नाक-घशाचे सर्जन. मुलाबरोबर फिरता यावं म्हणून त्यांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवली होती. बाबांनी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला. मग २०२५ च्या जुलैत बातूमीला दिव्या देशमुख कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली. नागपूरची, एकोणीस वर्षांची मुलगी. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, हाती नव्हता, आणि त्या विजयानं तो थेट मिळाला. आम्ही दोघी मिरजेच्या कारखान्यात भोपळ्यांच्या खाली मोबाईल टेकवून बघत होतो. डाव संपला, ती उठली, रडत आईच्या गळ्यात पडली. मैत्रिणीचे आजोबा कानस थांबवून बघत होते. त्यांनी विचारलं, “आई आत बसली होती का बाहेर?” आम्हा दोघींनाही सांगता आलं नाही, पण इतके दिवस मी ज्याचा विचार करत होते तोच प्रश्न त्यांनी विचारला होता.

मी ग्रँडमास्टर होणार नाही. आज माझं रेटिंग सोळाशेच्या आसपास आहे आणि संख्याशास्त्राचा अभ्यास करून जेवढं वाढेल तेवढं वाढवायचा माझा इरादा आहे. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. ज्या खेळासाठी घरातल्या माणसांनी पगार कापून घेतला, पानं इस्त्री केली, सतरंजीवर दिवस काढले, तो खेळ मी पुण्यात सोडून देईन असं होणं शक्य नाही. भाऊ आता अकरा वर्षांखालच्या गटात खेळतो. बाबांचे खाडे चालूच राहणार आहेत.

गेल्या महिन्यापासून मी आणि आजोबांनी फोनवर एक डाव सुरू केला आहे, पुण्याला गेल्यावर चालवायचा त्याची ही तालीम. दिवसाला एक चाल. ते चौकोनांची अक्षरं वापरत नाहीत, “वजिराच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर” असं सांगतात आणि मी ते माझ्या पद्धतीनं वहीत उतरवते. नियम स्पर्धेचे, हे त्यांनीच ठरवलं. सध्या अकरावी चाल आहे. त्यांचा उंट लांबच्या कर्णावरून माझ्या राजाकडे रोखून बसलाय, माझा घोडा मधोमध आहे आणि आज सकाळी त्यांनी त्याला हुसकायला प्यादं पुढे केलं. संध्याकाळी सातच्या आत उत्तर द्यायचं आहे. घोडा मागे घ्यायचा नाही एवढं नक्की केलंय. उंटाच्या बदल्यात तो द्यावा का, ते अजून मोजतेय.